गिटारची दांडी : लाकूड कोणते, आधार कशाचा?

गेल्या महिन्यात एका तरुण वाचकाचे चार पानी पत्र आले. नाव-गाव छापू नका, अशी त्याची विनंती आहे, म्हणून छापत नाही. मुलगा आय.टी.आय. झालेला आहे. वडील सुतारकाम करतात. कपाटे, दरवाजे, खिडक्या बसविण्याची कामे घेतात. पैसे साठवून घेतलेली स्वस्तातली गिटार एका पावसाळ्यातच वाकली. तारा इतक्या वर उचलल्या गेल्या की दाबताना बोटे सोलून निघू लागली. दुरुस्तीवाल्याने हात झटकले. आता या मुलाला गिटार स्वतःच बनवायची आहे. पोटाची, पाठीची, घोडीची मापे त्याने जमविली आहेत. घोडे अडले आहे ते दांडीपाशी.

प्रश्न तीन आहेत. सागवान चालेल का? आत लोखंड घालावे लागते म्हणतात, तर ग्रिलच्या कामातून उरलेला गज घातला तर? तिसरा प्रश्न मात्र मुलाचा नाही, वडिलांचा आहे. ते म्हणतात, "हे वाद्यवाल्यांचे काम. आपण चौकटी ठोकणारे. आपल्याला कसे जमायचे?"

मी हिशेबाच्या वह्या लिहिणारा माणूस, त्यामुळे रंधा मारून दाखवू शकणार नाही. पण या विषयावर पुष्कळ वाचले आहे, जाणत्यांना विचारले आहे, आणि आकडे मांडता येतात. तेवढ्या भांडवलावर लिहितो.

गिटारचा जो भाग डाव्या हातात धरतात, ज्याला वाजविणारे 'नेक' म्हणतात, तीच आपल्या सतारीची आणि एकतारीची दांडी. तिच्यावर ओढ किती असते ते आधी समजून घ्या. पोलादी तारांच्या गिटारच्या सहा तारा सुरात लावल्या की त्यांची एकत्र ओढ साधारण 70 ते 75 किलो होते, म्हणजे सिमेंटचे दीड पोते. नायलॉनच्या तारांची ओढ याच्या निम्म्याच्या आसपास, 40 किलोच्या घरात. आणि हे ओझे तासाभराचे नाही. गिटार वाजत असो की खुंटीला टांगलेली असो, रात्रंदिवस ते चालूच असते. तारा दांडीच्या वरून जातात, म्हणून त्या तिला पुढच्या अंगाला, स्वतःच्या दिशेने वाकवू पाहतात.

स्वयंपाकघरातली डब्यांची फळी आठवा. बसविली तेव्हा सरळ होती, डबेही तेवढेच आहेत. तरी पाच वर्षांनी मध्ये झोळ आलेला दिसतो. कायमच्या ओझ्याखाली लाकूड हळूहळू हार खाते, हा त्याचा धर्मच आहे. दांडीचे तेच होते. फरक एवढाच की फळीला आलेला अर्धा बोट झोळ चालून जातो, दांडीला एक-दोन मिलिमीटर जादा आला तरी वाद्य हातातून गेले.

आता लाकूड. अमेरिकेतले कारखाने दांडीसाठी मुख्यतः दोन लाकडे वापरत आले, महोगनी आणि मेपल. स्पॅनिश गिटारवाले वापरतात ते 'सेद्रो'. नावावरून ते देवदार वाटते, पण त्याचा देवदाराशी काही संबंध नाही. हा 'सेद्रो', अमेरिकेची महोगनी, आपल्याकडचा तून आणि आपल्या दारातला कडुनिंब ही सगळी एकाच कुळातली झाडे. वनस्पतिशास्त्रज्ञ त्याला मेलिएसी कुळ म्हणतात. सतारीच्या दांडीसाठी कारागीर पिढ्यान्‌पिढ्या तूनच पसंत करीत आले. ज्या मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले, तिथल्या कामातही तूनचे लाकूड आहे. म्हणजे स्पेनचा कारागीर आणि मिरजेचा कारागीर, एकमेकांना न विचारता, जवळजवळ सारख्याच लाकडापाशी येऊन पोचले. हलके, कापायला मऊ, आणि एकदा सुकले की फारसे न हलणारे.

तेव्हा नायलॉन तारांची गिटार करावयाची असेल तर चांगला सुकलेला तून शोधावा. पोलादी तारा लावायच्या असतील तर सागवान चालेल. सागवान हवामानाला दाद देत नाही, हा त्याचा मोठा गुण. दोष दोन. एक, ते तुनापेक्षा जड असते, त्यामुळे गिटार डोक्याच्या बाजूला झुकू लागते. दुसरा, त्यात तेलकटपणा असतो आणि गोंद नीट धरत नाही. त्यावर उपाय असा की रंधा मारल्यावर लगेच, त्याच दिवशी, गोंद लावावा. महोगनी मिळाली तर उत्तम, पण वखारीत महोगनी म्हणून जे दाखवितात ते पुष्कळदा दुसरेच तांबूस लाकूड असते. अस्सल मोठ्या पानाच्या महोगनीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 2003 पासून नियंत्रण आहे, त्यामुळे ती भाजीसारखी मिळणार नाही. नावाला भुलून जादा पैसे मोजू नका.

खरी गोष्ट ही की जातीपेक्षा रेषा महत्त्वाची. लाकडातले धागे दांडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेलेले हवेत. मध्येच ते तिरपे होऊन बाहेर पडत असतील, तर सागवान असो वा महोगनी, दांडी तिथेच दगा देणार. हे तपासण्याची एक युक्ती माझ्यासारख्या टाक-दौतवाल्याला आवडली. रंधा मारलेल्या बाजूवर शाईचा एक थेंब टाका. शाई धाग्याच्या दिशेने पसरते. ती कडेला समांतर गेली तर ठीक, कडेकडे वळली तर तो तुकडा स्टुलाच्या पायाला ठेवा. मग टोकाकडून पाहा. वाढीची वलये दांडीच्या रुंदीला उभी कापणारी असतील तर उत्तम, कारण लाकूड वलयांच्या दिशेने आडव्यापेक्षा साधारण दुप्पट आकसते. वलये पडलेली असतील तर आकसताना पीळ पडण्याची भीती जास्त. पण याचे फार अवडंबर नको. वलये पडलेली असूनही उत्तम टिकलेल्या दांड्या लाखांनी आहेत. धागे तिरपे असून टिकलेल्या मोजक्याच. गाठ मात्र कोठेही नको, लहानशीसुद्धा.

सुकवणीबाबत वखारवाल्याच्या शब्दावर जाऊ नका. तुकडा घरी आणा, किराणावाल्याकडच्या काट्यावर तोला, तारीख घालून वहीत लिहा. दर आठवड्याला असेच करा. वजन उतरत असेल तोवर त्यात पाणी आहे. आकडा स्थिर झाला म्हणजे लाकूड तुमच्या घरच्या हवेशी जुळले. हे काम पावसाळ्यात करून उपयोग नाही, कारण तेव्हा वजन उलट वाढेल.

मुंबईच्या वाचकांना एक मार्ग खुला आहे. जुन्या इमारती आणि चाळी पाडल्या जातात, तेव्हा त्यांतल्या तुळया, चौकटी, जिन्यांचे कठडे पाडकामाच्या लाकडाच्या वखारीत येतात. त्यात जुने बर्मा सागवान असते. साठ-सत्तर पावसाळे काढलेल्या लाकडाला आणखी काय सुकवायचे? दांडीला लागते ते दोन-अडीच फुटांचे. एवढा तुकडा तुळईच्या टोकाचा म्हणून पडून असतो. फक्त करवत घालण्याआधी लोहचुंबक फिरवून खिळे पाहावेत. रुंद तुकडा न मिळाला तर एकाच फळीतून तीन पट्ट्या काढा, मधली उलटी फिरवा आणि तिन्ही चिकटवा. एक पट्टी डावीकडे जाऊ पाहील तर शेजारची तिला उजवीकडे ओढील. अशी जोड दांडी अखंड दांडीपेक्षा कमी प्रतीची असते हा गैरसमज आहे. अनेकदा ती अधिक भरवशाची असते.

आता वडिलांच्या प्रश्नाकडे येतो. वर जे लिहिले त्यातले नवे असे वडिलांना काय सांगितले? धागा पाहणे, टोक पाहणे, पीळ ओळखणे, ओले-सुके हाताला कळणे हे त्यांचे रोजचे काम आहे. दरवाजाचे पान तिरके झाले तर गिऱ्हाईक पैसे कापते. त्या धाकात ज्याची नजर तयार झाली, त्याने दांडीचे लाकूड निवडायला का घाबरावे? आणि 'वाद्यवाल्यांचे काम' म्हणजे तरी कोणाचे, याचा एक किस्सा सांगतो.

अमेरिकेत मिशिगन राज्यात कलामाझू नावाचे गाव आहे. तिथे गिब्सन कंपनीचा गिटारचा कारखाना होता. 1942 साली अमेरिका महायुद्धात पुरती उतरली, पुरुष कामगार सैन्यात गेले, लोखंडावर निर्बंध आले. युद्धकाळात कारखान्यात नव्या गिटार जवळजवळ बनल्याच नाहीत, असे पुढे कित्येक वर्षे सांगितले जाई. पण जॉन थॉमस या कायद्याच्या प्राध्यापकांच्या हाती 1944 सालचा एक फोटो आला. कारखान्यासमोर सुमारे पंचाहत्तर बायका उभ्या आहेत! त्यांनी त्यातल्या बारा जणींचा शोध लावला, त्यांना भेटले, आणि 'कलामाझू गॅल्स' हे पुस्तक लिहिले. युद्धाच्या त्या वर्षांत हजारो गिटार बनल्या, आणि बनविणारे हात मुख्यतः त्या गावातल्या, आधी कधी वाद्य न केलेल्या बायकांचे होते. थॉमस यांनी त्या गिटारांचे एक्स-रे काढून आधीच्या-नंतरच्या गिटारांशी ताडून पाहिले. बायकांच्या हातचे काम अधिक बारीक, अधिक नेटके आढळले, असे ते सांगतात. आज जुन्या वाद्यांच्या बाजारात या गिटारांना मोठा भाव आहे. कंपनीच्या लेखी मात्र त्या बायका नव्हत्याच.

हा किस्सा आपल्या विषयाला दुसऱ्या बाजूनेही लागू आहे. लोखंड नाही म्हटल्यावर त्यांतल्या कित्येक दांड्या आतल्या सळईशिवायच बनल्या. मग त्या ताठ कशा ठेवल्या? जाड ठेवल्या. मार्टिन ही दुसरी जुनी कंपनी 1934 पासून दांडीत इंग्रजी 'टी' आकाराची पोलादी पट्टी घालीत असे. तिने 1942 ते 1945 या काळात पोलादाऐवजी आबनुसाची पट्टी घातली. म्हणजे लोखंड हाच एक आधार नव्हे.

जाडीचा हिशेब मोठा मजेदार आहे. ताठरपणा जाडीच्या घनाने वाढतो. दांडी 20 मिलिमीटर जाड आहे, ती 22 केली, म्हणजे जाडी दहा टक्केच वाढली. पण ताठरपणा तेहतीस टक्क्यांनी वाढला. दोन मिलिमीटरवर असे व्याज कोणतीही पतपेढी देणार नाही.

आता तो ग्रिलचा गज याच तराजूत घाला. समजा 6 मिलिमीटरचा चौकोनी गज दांडीच्या मधोमध बसविला. पोलाद लाकडाच्या पंधरा-वीस पट ताठर असते हे खरे, पण गज असतो केवढासा! ढोबळ हिशेबाने तो दांडीच्या मूळ ताठरपणात दहावा हिस्सा भर घालतो. जे काम दोन मिलिमीटर लाकूड तीनपट करते, ते करायला हे लोखंडाचे ओझे कशाला? त्याऐवजी 6 मिलिमीटर रुंद, 10 मिलिमीटर उंच पट्टी उभी बसविली तर तिचा जोर गजाच्या साडेचारपट होतो. फूटपट्टी आडवी धरून वाकवा आणि उभी धरून वाकवा, म्हणजे कळेल. त्याहून चांगली चौकोनी पोकळ नळी. 10 मिलिमीटरची, दीड मिलिमीटर पत्र्याची नळी त्या भरीव पट्टीपेक्षा हलकी असून अधिक ताठर असते. सायकलची फ्रेम नळीची असते, ती याचसाठी. मार्टिन कंपनीनेही 1967 पासून चौकोनी नळीच वापरली.

पण पट्टी काय किंवा नळी काय, एकदा चिकटविली की ती मुकी. पुढे दांडी थोडी वाकली तर तिला काही सांगता येत नाही. यावर इलाज काढला तो थॅडियस मॅकह्यू या गिब्सन कारखान्यातल्याच कर्मचाऱ्याने. 1921 साली त्याने पेटंटसाठी अर्ज केला आणि 1923 मध्ये ते मंजूर झाले. युक्ती अशी की दांडीच्या पोटात एक सळई बाक देऊन बसवायची, मध्ये खोल, टोकांना वर. एका टोकाला आटे आणि नट. नट आवळला की सळई सरळ होऊ पाहते आणि दांडीचा मध्य वर, तारांकडे ढकलते. तारांच्या ओढीला उलटा शह. यालाच ट्रस रॉड म्हणतात.

लाकूड कडक आहे, रॉड कशाला, असे म्हणणाऱ्यांनी लिओ फेंडरचे उदाहरण पाहावे. 1950 साली त्याने विजेच्या गिटारच्या पहिल्या दांड्या केल्या त्या भक्कम मेपलच्या, आत लोखंड नाही. त्या वाकू लागल्या. त्याच वर्षी त्याने रॉड बसवायला सुरुवात केली. पाठीमागून खाच पाडून ती अक्रोडाच्या गडद पट्टीने बुजविली, ती रेघ आजही त्या गिटारांच्या पाठीवर दिसते. मार्टिन कंपनी हट्टाने थांबली, पण 1985 मध्ये तिनेही फिरविता येणारा रॉड घेतला.

म्हणून माझे मत विचाराल तर पोलादी तारांच्या पहिल्या गिटारला दुहेरी काम करणारा रॉड तयार विकत घ्यावा. यात दोन सळया, किंवा एक सळई आणि एक पट्टी, टोकांना जोडलेल्या असतात. नट एकीकडे फिरविला की दांडी मागे जाते, दुसरीकडे फिरविला की पुढे येते. त्याला बाकदार खाच लागत नाही, सरळ खाच पुरते, आणि सरळ खाच आपला मिस्त्री डोळे मिटून पाडील. पण रॉड हातात आल्याशिवाय खाच पाडू नका. दुकानदार सांगतो ते माप आणि येते ते माप यात फरक असतो. खाच सैल झाली तर वाजविताना रॉड आत खुळखुळतो, खोल झाली तर दांडीच्या पाठीला पापुद्र्याएवढे लाकूड उरते. खाचेखाली निदान चार-पाच मिलिमीटर लाकूड राहिले पाहिजे. कार्बन फायबरच्या पट्ट्याही मिळतात. फार हलक्या आणि फार ताठर. त्या रॉडच्या दोन्ही बाजूंना घालतात. पैसे असतील तर घालाव्यात, पण लाकूड नीट निवडले असेल तर त्यांच्यावाचून अडत नाही.

नायलॉनच्या गिटारला यातले काही नको. नीट सुकलेला तून, वर शिसवीची चांगली जाड पट्टी, बस्स.

शिसवीवरून आठवले. फ्रेट ज्या पट्टीत बसतात ती पट्टी शिसवीची करावी. ती कडक असते आणि दांडीला पाठबळही देते. आपलीच शिसवी जगभरच्या गिटारांत आहे; ब्राझीलची शिसवी मिळेनाशी झाली तेव्हा मार्टिन कंपनी 1969 च्या सुमारास भारतीय शिसवीकडे वळली. पावती घेऊन घ्यावी. आणि फ्रेट ठोकताना खाचा अरुंद ठेवू नयेत. वीस फ्रेट म्हणजे वीस पाचरी. घट्ट बसल्या तर दांडी उलट्या अंगाला वाकते आणि मग रॉडला दोष दिला जातो.

डोक्याचा भाग मागे कललेला असतो. तो अखंड लाकडातून कापला तर धागे तिथे आखूड पडतात आणि गिटार एकदा आपटली की नेमकी तिथेच तुटते. त्यापेक्षा फळी तिरपी कापून, कापलेला तुकडा उलटून चिकटवावा. धागे दोन्हीकडे लांब राहतात, आणि जाड ओंडक्याऐवजी इंचभराची फळी पुरते. सुतारालाच सुचावी अशी ही बचत आहे. हा सांधा, आणि खालच्या टाचेचा, पांढऱ्या गोंदाने केला तर घट्ट दाबून पूर्ण दिवस ठेवा आणि गिटार उन्हात किंवा रिक्षाच्या टपावर तापू देऊ नका, कारण तो गोंद उष्णतेत हळूहळू सरकतो. धातूला आणि कार्बनला मात्र दोन नळ्यांचा इपॉक्सी गोंदच हवा.

शेवटची गोष्ट घाईची नाही म्हणून घाईत राहून जाते. दांडी दोन-तीन मिलिमीटर जाड ठेवून ओबडधोबड कापा, रॉडची खाच पाडा आणि महिनाभर घरात टांगून ठेवा. लाकूड कापले की आतला ताण मोकळा होतो आणि ते हलते. ते जे काही हलायचे ते आत्ता हलू द्या. मग पुन्हा रंधा मारून सरळ करा आणि त्यानंतरच वरची पट्टी चिकटवा. तारा चढविल्यावर पहिल्या तारेला पहिल्या फ्रेटवर आणि दांडी जिथे पोटाला मिळते तिथल्या फ्रेटवर दाबा आणि मध्ये पाहा. सातव्या फ्रेटपाशी पोस्टकार्डाएवढी फट दिसली तर बरोबर. जास्त असेल तर नट पाव फेरा आवळा, त्याहून अधिक नाही, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहा. पहिला पावसाळा संपेपर्यंत दर पंधरवड्याला हे पाहून त्याच वजनाच्या वहीत लिहीत जा.